दुसरी घंटा

रिकाम्या देवळात एकट्याने बसून उपासना करण्याची पाळी ज्याच्यावर आली नाही, त्याला तो रिकामेपणा सांगून कळायचा नाही. आमचं देऊळ म्हणजे कौलारू छपराची एक लांबट खोली. आम्ही ख्रिस्ती माणसंही त्याला देऊळच म्हणत असू. पुढे ओसरी, ओसरीच्या तुळईला टांगलेली ओतीव घंटा आणि तिची खाली लोंबणारी सुंभाची दोरी. आत भिंतीवर लाकडी क्रूस, त्याखाली एक मेज, आणि कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या. एके काळी रविवारी त्या सगळ्या अंथराव्या लागत आणि तरी उशिरा आलेल्यांना ओसरीत बसावं लागे. मी सांगते आहे त्या पावसाळ्यात मी एकच सतरंजी अंथरत होते, आणि तीही अर्धीच उलगडत होते.

गाव शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या काठावरचं. नदीपलीकडे दौंड. देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. मिशनची शाळा बोर्डाकडे गेली, तशी आमची वस्ती हळूहळू विरत गेली. माझे यजमान त्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी देवळात प्रचारकाचं काम करत. ते छातीच्या दुखण्याने गेले. त्यानंतर आमच्यातलं एक घर रेल्वेच्या नोकरीपायी दौंडला गेलं, दुसरं पुण्याला. जाताना दोन्ही घरच्या बाया माझ्या गळ्यात पडून रडल्या, आणि दोन्हींनी लवकरच येऊन भेटू म्हणून सांगितलं. ज्याचं त्याला पोट आहे, त्यांना मी नावं ठेवत नाही. मी राहिले, कारण मास्तरांची कबर देवळामागे होती आणि मास्तरांनी घेऊन दिलेल्या शिवणयंत्रावर माझं भागत होतं. मूलबाळ नव्हतं. दौंडच्या लोकोशेडमध्ये माझा थोरला भाऊ फिटर होता. तो दर भेटीत म्हणायचा, 'तिथं भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा इकडं ये. इकडं चर्च आहे, माणसं आहेत.' मी हो-हो म्हणायची आणि परत यायची.

आमच्याकडे रविवारी दोन घंटा वाजवायची रीत होती. पहिली घंटा म्हणजे आवरा, अंघोळी करा, चुलीवरचं उतरवून ठेवा. दुसरी म्हणजे उपासना सुरू होते आहे, आता या. दोन्हींच्या मध्ये एका बाईचं न्हाणं-धुणं आणि लुगडं बदलणं व्हावं एवढा वेळ. मास्तर या बाबतीत फार काटेकोर. ते म्हणत, पहिली घंटा आपण बोलावतो म्हणून वाजवायची आणि दुसरी आपण वाट पाहिली म्हणून. एकीवर भागवलं तर ते नुसतं बोलावणं झालं. ते गेल्यावर ही दोरी माझ्या हाती आली. दोन घरं होती तोवर त्यात काही विशेष वाटलं नाही. पण ती गेल्यावर दुसरी घंटा वाजवताना माझं मलाच हसू येऊ लागलं. बोलावणारी मी, येणारी मी, आणि मीच अजून आले नाही म्हणून माझी वाट पाहणारीही मीच.

तरी मी सगळं यथासांग करत असे. गीत म्हणायचं, शास्त्रातला पाठ वाचायचा, पुढारी म्हणेल ते आधी म्हणायचं आणि मग मंडळीने म्हणायचं तेही आपणच म्हणायचं. आमेनही आपलंच. फक्त उपदेश करत नसे. स्वतःला उपदेश करून तो ऐकून घेण्याइतकी माझी तयारी नव्हती. शिरूरहून पाळकसाहेब सायकलीवरून प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यायला येत, पण पावसाळा लागला की काळ्या रानातला रस्ता म्हणजे नुसता चिखल. सायकल माणसावर बसायची वेळ यायची. पलीकडे दौंडला जाणारी नाव पुरामुळे बंद. म्हणजे चार महिने ना इकडचं कोणी, ना तिकडचं.

गाव वाईट नव्हतं, हे मला आधी सांगितलं पाहिजे. कोणी मला कधी वाकडा शब्द बोललं नाही. गावातल्या बाया चोळ्या शिवायला कापड आणत, ते माझ्या ओट्यावर ठेवत आणि शिवून झालेली चोळी ओट्यावरूनच उचलून नेत. हातात हात नाही, आत येणं नाही, आणि पाण्याचं तर नावच काढायचं नाही. मिशन येण्याआधी आमची माणसं गावाच्या कोणत्या अंगाला राहत होती, हे गाव विसरलं नव्हतं. मी त्याची सवय करून घेतली होती. सवय झाली म्हणजे टोचत नाही, असं नाही.

त्या पावसाळ्यात माझ्या मनाने मात्र हाय खाल्ली. देव नाही असं मला कधी वाटलं नाही. पण आपलं त्याच्यापर्यंत पोचतं आहे की नाही, ही शंका एकदा मनात शिरली की घरात ओल शिरावी तशी सगळीकडे पसरते. गीताला सूर लागेना. प्रार्थनेला बसले की कौलं कुठं गळतात तेच दिसायचं. मास्तर असताना मी देवाशी भावाशी भांडावं तशी भांडत असे, आणि भांडण हेही बोलणंच असतं. आता भांडायचीही इच्छा राहिली नव्हती. मी मनाशी ठरवलं, पाऊस उघडला, पाळकसाहेब आले, की देवळाची किल्ली त्यांच्या हातात द्यायची आणि दौंडला निघून जायचं. माझ्यामागे त्या गावात प्रभूचं नाव घेणारं कोणी उरलं नसतं. आणि दौंडला जाऊन मी तरी ते घेतलं असतं का, याचीही मला खात्री नव्हती. भावाच्या मागून चर्चमध्ये जाऊन बसले असते, झालं. माझा विश्वास त्या दोरीच्या टोकाला कसाबसा लोंबकळत होता, आणि दोरी सोडायचं मी नक्की केलं होतं.

अशात मला ताप आला. आधी अंग मोडून आलं, मग दिवसभर कणकण, मग असा चढला की डोळ्यांसमोर शिवणयंत्राचं चाक आपोआप फिरताना दिसायचं. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणून मी काढा घेऊन पडून राहिले. गावात कोणाला हाक मारावी असं डोक्यातही आलं नाही. हाक मारायची सवयच मोडली होती. एकदा दुपारी डोळा लागला आणि जाग आली तेव्हा बाहेर तो ढगाळ करडा उजेड होता. मला वाटलं पहाट झाली. भिंतीला धरत उठले, तोंड धुतलं, चूल पेटवायला घेतली, आणि उजाडायच्या ऐवजी अंधारूनच येऊ लागलं. तेव्हा मी पुन्हा पडले, पण मनातल्या हिशोबात तो एक दिवस उगवून मावळून गेला होता. तो पुढे कोणी काढून टाकला नाही.

म्हणून ज्या सकाळी मला वाटलं की आज रविवार, तो रविवार नव्हताच. शनिवार होता. शनिवारी शिरूरचा बाजार. पावसाने जरा उघडीप दिली होती, म्हणून गावातल्या गाड्या उजाडायच्या आतच बाजाराला निघून गेल्या होत्या. त्यांच्या घुंगरांचा आवाज मी तापात ऐकलाही असेल, पण त्याचा अर्थ लागण्याइतकं डोकं ठिकाणावर नव्हतं.

मी उठले ती जिद्दीने. धुतलेलं लुगडं नेसले. घरापासून देऊळ चार पावलांवर, पण भिंत, कूड, खांब धरत जायला मला केवढा वेळ लागला. ओसरीवर पोचल्यावर मी दोरी धरली आणि वर बघून बोलले, अगदी तोंडाने बोलले: 'प्रभू, ही शेवटची. पुढच्या रविवारपासून मी वाजवणार नाही. तू ऐकत असशील तर ऐक, नसशील तर राहू दे.' आता आठवलं की वाटतं, केवढी गुर्मी होती त्या तापातल्या बाईला. भाडेकरूने घरमालकाला नोटीस द्यावी तशी मी देवाला नोटीस दिली. पण त्यात एक गोष्ट बरी होती. फार दिवसांनी मी त्याच्याशी खरं बोलले होते.

पहिली घंटा मी वाजवली. नेहमीइतकी, नेहमीच्या ठेक्यात. मग आत गेले. सतरंजी उलगडायला वाकले, आणि फरशी वर येते आहे असं मला दिसलं. पुढचं आठवत नाही.

आता इथे मला हौसाक्कांबद्दल सांगायला हवं. गावाच्या आमच्या बाजूच्या टोकाला शेवटचं घर किसनआप्पांचं. शेतीवाडी असलेलं, वजनदार घर. त्यांची म्हातारी आई म्हणजे हौसाक्का. दोन्ही डोळे गेलेले. त्यांच्या चोळ्या मी वर्षानुवर्षं शिवत होते, पण त्यांची सून पारू जुनी चोळी मापाला आणून द्यायची, त्यामुळे त्यांचं माप मला पाठ होतं आणि तोंडओळख म्हणाल तर नाहीच. त्यांचा आवाज तेवढा ओळखीचा. परड्यात बसून त्या कोंबड्यांना, पोरांना, सुनेला आणि पावसाला एकाच पट्टीत झाडत असत. आमच्या वस्तीकडे त्यांनी जन्मात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

मला जे माहीत नव्हतं ते असं. रविवार हा खंडोबाचा वार. हौसाक्का रविवारी अंघोळ करून देवाला भंडारा वाहिल्याशिवाय तोंडात घास घालत नसत. दिसत नाही म्हणून वार कळत नाही, आणि सुनेला 'आज वार कोणता' म्हणून विचारायचं त्यांना जिवावर येई. घरची सगळी सत्ता सुनेच्या हाती गेली होती, निदान वार तरी आपला आपल्याला कळावा, असा त्यांचा बाणा. म्हणून त्यांनी माझी घंटा धरली होती. पहिली घंटा झाली की त्या अंघोळीला उठायच्या. दुसरी झाली की देवापुढे बसून भंडारा वाहायच्या. किती वर्षं हे चाललं होतं कोण जाणे. मी माझ्या प्रभूसाठी घंटा वाजवत होते आणि त्यावर खंडोबाची पूजा होत होती. हे मला त्या वेळी कोणी सांगितलं असतं, तर मला आवडलं असतं की राग आला असता, ते सांगता येत नाही.

त्या दिवशी घंटा झाली आणि हौसाक्का गोंधळल्या. पहाटेच त्यांनी कानांनी ऐकलं होतं की पारू शेजारणींबरोबर गाडीत बसून बाजाराला गेली. म्हणजे शनिवार. आणि ही घंटा म्हणते रविवार. सून खोटं बोलेल, पण बैलगाडी कशी खोटं बोलेल? तरी त्या अंघोळ करून बसल्या, न जाणो आपलंच चुकत असेल. आणि दुसऱ्या घंटेची वाट पाहत राहिल्या. दुसरी घंटा होईना. भंडाऱ्याची वाटी हातात घेऊन बसलेल्या, वाजेल आता, वाजेल आता. शेवटी त्यांच्या मनाने घेतलं की या मास्तरणीचं काहीतरी बिनसलंय. घरात कोणी नव्हतं. काठी घेतली आणि त्या निघाल्या. आधी परड्याची भिंत, मग काट्यांचं कुंपण, मग नुसता चिखल, आणि जन्मात न केलेला रस्ता.

मी फरशीवर पडले होते. शुद्ध येत होती, जात होती. आणि त्या मधल्या कशातरी स्थितीत मी दुसरी घंटा ऐकली. स्वच्छ ऐकली. माझा पहिला विचार काय असावा? की मला उशीर झाला. उपासना सुरू होते आहे आणि मी अजून सतरंजी अंथरली नाही. मग वाटलं, दोरी कोणी धरली? मास्तर असतील. मास्तर असतील तर मी मेले असणार, आणि मेले तर मेले, पण तिथेही दोन घंटा वाजवतात म्हणजे मास्तरांचं चालतंय बरं का वरती. खोटं वाटेल, पण मला त्या क्षणी इतका हलकेपणा वाटला की रडूच आलं. कोणीतरी माझी वाट पाहत होतं.

मग आवाज आला, आणि तो मास्तरांचा नव्हता.

"मास्तरीण, ए मास्तरीण. अगं आज शनवार हाय. चुकलीस तू."

मी बोलायला गेले, तर नुसतं कण्हणं बाहेर आलं. चाचपडताना हाताला लागलेली दोरी त्यांनीच ओढली होती, हे मला पुढे कळलं. काठी ओसरीच्या फरशीवर टकटकली. उंबऱ्यापाशी थांबली. तो थांबलेला क्षण मी अजून विसरलेले नाही. मग काठी आत आली.

"कुठं हायस गं? आवाज दे. मला दिसत न्हाई, बाय."

मी पुन्हा कण्हले. त्या आवाजाच्या रोखाने त्या आल्या, खाली बसल्या, हाताने चाचपत माझा खांदा, मग मान, मग कपाळ शोधलं. हात ओला, थंड आणि हळदीच्या वासाचा होता. "आई गं, पेटलीय की नुस्ती," असं म्हणून त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं. मग विचारलं, "पानी कुठं ठिवतीस?" मी हात केला, पण तो त्यांना कुठला दिसायला. त्यांनीच उठून भिंतीभिंतीने जाऊन कोपऱ्यातला माठ शोधला, तांब्या बुडवला, आणि माझ्या ओठांवर पाणी सोडलं. आमच्या माठातलं पाणी, त्यांच्या हातून. मला तेवढ्या तापातही ते कळलं.

"आता गप पडून ऱ्हा," त्या म्हणाल्या. "गावात कुनी न्हाई, समदी बाजाराला गेल्यात. पर रानात असतील कुनीकुनी. बोलिवते."

आणि त्या बाहेर जाऊन घंटा वाजवू लागल्या. आमच्या ठेक्यात नाही. ठेका बिका काही नाही, आग लागल्यावर वाजवतात तशी. थांबत नव्हत्या. दमल्या की मध्येच आत येऊन माझ्या छातीवर हात ठेवून बघत, पुन्हा जाऊन वाजवत. एकदा अशाच आत आल्या, माठाशी गेल्या, आणि घटाघटा स्वतः पाणी प्यायल्या. त्याच तांब्याने. त्यांच्या मनात त्याचं काही होतं असं दिसलं नाही. तहान लागली होती, पाणी प्यायल्या. मी मात्र डोळे मिटून घेतले.

त्या आवाजाने बाजरी खुरपणाऱ्या बाया आल्या, बांधावरून किसनआप्पा धावत आले. आधी त्यांना वाटलं आईलाच काही झालं. ओसरीवर आईला दोरीला लटकलेली पाहून ते म्हणाले, "आये, ह्ये काय, तू हितं कशी?" त्यावर हौसाक्कांनी त्यांना जे झाडलं ते मी इथे लिहीत नाही. गाड्या सगळ्या बाजाराला गेलेल्या. तेव्हा किसनआप्पांनी आपल्या घरातली बाज आणवली, मला तीवर निजवलं आणि चौघांनी खांद्यावर घेऊन चिखल तुडवत फाट्यापर्यंत नेलं. जे कधी माझ्या ओट्याची पायरी चढले नव्हते, ते मला खांद्यावर घेऊन चालले होते. मला मध्येच शुद्ध आली, वर आभाळ आणि चार बाजूंना चार पटके, तेव्हा वाटलं पुरायला नेतायत. मी किसनआप्पांना म्हणाले, "आप्पा, मास्तरांच्या शेजारी." ते म्हणाले, "बाई, आजून टाइम हाय त्याला. गप ऱ्हावा." फाट्यावर बाजाराच्या बाजूला जाणारी एक मालमोटार मिळाली आणि मी शिरूरच्या दवाखान्यात पोचले.

मुदतीचा ताप होता. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर आतडं फुटलं असतं आणि मग कोणाच्या हातात काही राहिलं नसतं. मी पडल्यापडल्या त्या एका दिवसाचा विचार करत असे. माझा हिशोब बरोबर असता, तर शनिवारी मी खाटेवरच पडून राहिले असते. रविवारी उठायचं अंगात त्राणच उरलं नसतं, आणि घंटा झाली नसती. घंटा झाली नाही तर कोणी काय म्हणणार, पावसात कोण येतं उपासनेला. मी चुकले म्हणून वाचले. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने म्हणावं. मी कोणाशी वाद घालत नाही.

पाळकसाहेब दवाखान्यात आले, प्रार्थना केली. भाऊ पुण्याहून वळसा घालून आगगाडीने आणि मग एस.टी.ने आला, आणि मला बरं वाटताच दौंडला न्यायचं ठरवूनच आला. मीही नाही म्हटलं नाही. फक्त म्हणाले, एकदा गावी जाऊन शिवणयंत्र आणि मास्तरांच्या वस्तू घेते, किल्ली पाळकसाहेबांना देते, मग येते.

आम्ही गेलो तेव्हा पाऊस उघडला होता. देवळापुढे गवत माजलेलं असेल, ओसरीत शेळ्या बसलेल्या असतील, अशा तयारीने मी गेले. तर ओसरी झाडलेली. आणि दोरी पिवळी झालेली. जिथे हाताने धरतात तेवढीच, वीतभर, पिवळीजर्द. भावाने बोट लावून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाला, "ही तर हळद आहे." मला माहीत होतं ती कोणाच्या बोटांची.

तेवढ्यात परड्याच्या बाजूने काठी वाजत आली. पायांच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं असावं.

"आलीस व्हय? बरं झालं. माझं हात भरून आलं वाजवून वाजवून."

मी विचारलं, "आक्का, तुम्ही दर रविवारी वाजवली?"

"मग? वार का थांबतुया? आता पारूलाच इचारायची, काय करनार. पैली वाजवायची, मग जाऊन आंघूळ, मग येऊन दुसरी. पारू सोडायला यायची. आन् दुसरीच्या नंतर तू आत बसतीस तवढा येळ बसले बी."

"आत?"

"आतच की. भाईर बसून कसं चालंल? तुज्या देवाला रिकामं वाटलं आसतं. मला तुजी गानी येत न्हाईत. ऐकू येतात परड्यात, पर बोल ध्यानात ऱ्हात न्हाईत. म्हनून नुस्ती बसले. तुजी गानी संपत्यात तवढा येळ. मग त्येला म्हनले, तिला धाड आता, आन् उठले."

मी खाली बसले. किती दिवस मी त्या रिकाम्या खोलीत बसून विचारत होते की कोणी ऐकतंय का. पलीकडच्या परड्यात एक आंधळी म्हातारी माझं गीत संपेपर्यंत कान देऊन बसलेली होती. आणि मी नव्हते त्या रविवारी देवळात मंडळी होती. एक होती, पण होती. पाठ नाही, गीत नाही, आमेन नाही, नुसती बसलेली. इतकी उपासना माझ्याने त्या सबंध पावसाळ्यात एकदाही झाली नव्हती. मी तिथेच ओसरीवर देवाची क्षमा मागितली नाही, की मोठी प्रार्थना केली नाही. मी एवढंच म्हटलं, 'माझी नोटीस मी परत घेते.' आणि माझ्या छातीवरून जे ओझं उतरलं, ते आजतागायत परत चढलेलं नाही.

भाऊ तसाच परत गेला. थोडा रागावून गेला, पण जाताना त्याने गळकी कौलं शाकारून दिली.

हौसाक्का ख्रिस्ती झाल्या का, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. नाही झाल्या. त्यांचा खंडोबा त्यांनी सोडला नाही आणि मीही तसं कधी म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी ती पिवळी दोरी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या." पुढे ती झिजली, नवी आणली, तीही पिवळी झाली. पारू कधी त्यांना सोडायला आली की ओसरीवरच थांबायची. एका पावसाळ्यात आडोसा म्हणून आत आली, आणि मग आडोशाचं निमित्त लागेनासं झालं. चोळीचं कापडही तेव्हापासून ओट्यावर न राहता माझ्या हातात येऊ लागलं. दिवस हलके झाले. एकटी तर मी होतेच, पण त्या एकटेपणातला दंश गेला.

देवाने आपल्याला केव्हा, कोणाच्या पायांनी येऊन भेटावं, हे आपण ठरवून ठेवतो आणि मग तो त्या वाटेने आला नाही म्हणून रुसतो. मी रस्त्याकडे डोळे लावून बसले होते, सायकल येते का म्हणून. तो चिखलातून काठी टेकत आला, आणि येऊन आधी माझी चूक सांगितली, मग पाणी पाजलं. आता मी वाटा नेमून देत नाही. माझ्या हाती आहे तेवढं करते, पुढचं त्याच्यावर सोडते, आणि सोडलं की खरंच सोडते.

हौसाक्कांनी त्या दिवशीच वाटणी करून टाकली होती. "पैली तू वाजीव," त्या म्हणाल्या, "दुसरी माजी." त्या होत्या तोवर ती वाटणी कधी मोडली नाही. दर रविवारी मी पहिली घंटा वाजवत असे, सगळ्या सतरंज्या पुरत्या अंथरत असे आणि आत जाऊन बसत असे. मग काठीचा आवाज येई, ओसरीवर थांबे, आणि दुसरी घंटा वाजे.